तोंडातून निघणारा हो

माझ्या डोक्याला मार लागला तेव्हा मुलगी पहिलीत होती. कोरपन्याला नणंदेकडे साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता, तिथून आम्ही दोघं गाडीवर परत येत होतो. सिमेंटच्या ट्रकांनी रस्ता पार उखडला होता. खड्डा चुकवताना गाडी घसरली. नवऱ्याचं खरचटण्यावर भागलं, मी मागून डोक्यावर पडले. पुढचं सगळं ऐकीव. चंद्रपूरला नेलं, तिथून नागपूरला, डोक्याचं ऑपरेशन झालं. मला नीट आठवतं ते एकदम ऊर्जानगरच्या क्वार्टरमधलं, खाटेवरून दिसणारं छत.

उजवा हात आणि पाय ढिले पडले होते. बोलणं गेलं होतं. समोरचा सावकाश बोलला तर मला सगळं समजायचं, पण उत्तर द्यायला गेलं की नुसता आवाज निघायचा. मग एक शब्द आला. हो. नवऱ्यानं लगेच माझ्या आईला फोन लावला, "बोलली ना! हो म्हणून राह्यली."

अडचण अशी होती, की मनात नाही असलं तरी तोंडातून हो-च निघायचं, मानही तशीच हलायची.

नवरा पॉवर स्टेशनला शिफ्टमध्ये. दिवसभरासाठी एक बाई ठेवली होती. मनानं चांगली, हात हलका. काहीही करण्याआधी मला विचारायची.

"ताई, पंखा बंद करू काय?"

"हो."

भर मे महिन्यात पंखा बंद व्हायचा. जेवताना म्हणायची, "भात अजून वाढू काय?" हो. पोट तुडुंब, त्यावर आणखी भात. एकदा मी डाव्या हातानं ताट सारलं, तर ती म्हणाली, "आत्ता हो म्हटलं अन् आता ढकलता? जाऊ द्या, डोक्याचा मार आहे, चालाचंच." तेव्हापासून माझ्या हाताकडे कोणी लक्ष देईना. मी चिडले की सगळे एकमेकांना सांगायचे, अशा पेशंटची चिडचिड होतेच.

शाळेला सुट्ट्या लागल्या आणि आई आली. माझं माहेर गडचिरोलीकडचं, तळ्यावर मासोळी धरणारं घर. दोन दिवस तिनं सगळं पाहिलं आणि जावयाला म्हणाली, "भाऊ, पोरीचे हाल होऊन राह्यले. मी तिले गावाले नेतो. तिकडच्याच शाळेत टाकू."

नवरा म्हणाला, "तिलेच विचारू." तो खाटेवर बसला आणि एकेक शब्द सावकाश बोलला. "पोरीले तुह्या आईसंग पाठवू काय? तुह्या मनात असन तरच."

मी जीव एकवटून नाही म्हणायला गेले. तोंडातून निघालं, "हो."

मी रडायला लागले. त्यानं डोळे पुसून दिले. "रडू नको. दिवाळीले आणू तिले." मुलगी दारात उभी होती. तिनंही ऐकलं. दुसऱ्या दिवशी ती आजीबरोबर एसटीनं गेली. जाताना माझ्याकडे तिनं पाहिलंही नाही.

पावसाळ्यात नागपूरला तपासणीसाठी गेलो, तेव्हा डॉक्टरांनी बोलण्याचा उपचार करणाऱ्या मॅडमकडे पाठवलं. त्यांनी नवऱ्याला मागे बसवलं आणि खुर्ची माझ्यासमोर ओढली.

"तुम्ही चंद्रपूरहून आलात का?"

"हो."

"बाहेर बर्फ पडतोय?"

"हो."

"तुम्ही पुरुष आहात?"

"हो."

मागे नवरा हसला. मॅडम हसल्या नाहीत. माझा डावा हात धरून त्या म्हणाल्या, "आता बोलायचं नाही. हो असेल तर मूठ. नाही असेल तर पंजा उघडा." तेच प्रश्न पुन्हा विचारले. मूठ. पंजा. पंजा. आणखी बरेच विचारले. एकही चुकला नाही.

त्या नवऱ्याकडे वळल्या. "यांना कळतंय सगळं. तोंडचा हो धरू नका. हात बघा, नाहीतर दोन वस्तू समोर धरून निवडू द्या."

परतीच्या बसमध्ये तो माझा डावा हात बघत बसला. वरोरा मागे पडल्यावर त्यानं विचारलं, "पोरीले पाठवाचं विचारलं होतं... तवा?"

मी पंजा उघडला. त्यानं गळ्यातला दुपट्टा तोंडावर ओढला आणि चंद्रपूर येईपर्यंत काढला नाही.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी तो गावाला गेला. आई म्हणे त्याच्यावर उखडली, "तिनं सोताच हो म्हटलं ना!" त्यानं तिला सगळं समजावलं आणि मुलीला घेऊन आला. घरी आल्यावर ती दारातच थांबली. तो म्हणाला, "तुही माय नाईच म्हणत होती, बेटा. मले समजलं नाई." मग मूठ आणि पंजाचं सांगितलं.

तिचा विश्वास बसेना. तिथूनच म्हणाली, "मी परत जाऊ?"

तोंडातून "हो" निघालं, हाताचा पंजा उघडला.

"जाऊ?" पुन्हा पंजा. एक पाऊल आत आली. "खरंच जाऊ?" असं करत करत खाटेपर्यंत आली आणि माझा पंजा आपल्या दोन्ही हातांनी धरून बसली. मी तोंडानं हो हो करतच होते. तिला हसू आलं.

बाई सुरुवातीला कुरकुरली. "एकेक दाखवून विचारत बसलं तर दिवस पुरन काय?" पण ताट ढकलणं बंद झालं, माझी रडारड थांबली, तसं तिचंच काम हलकं झालं. मग शेजारणी आल्या की तीच त्यांना दटावायची, "तोंडाकडे नका पाहू, हाताकडे पाहा." डॉक्टर मला सोडून नवऱ्याला विचारायचे, यांना झोप लागते का? तो म्हणायचा, "तिलेच विचारा ना."

शब्द हळूहळू आले. 'नाही' यायला मात्र फार वेळ लागला, आणि आलं ते माहेरचं, नाई म्हणून. आता बोलते, पण थांबत थांबत. दमले की अजूनही हो-नाहीची अदलाबदल होते. उजव्या हातानं बटण लागत नाही. लोक माझं वाक्य मधेच पुरं करतात, बहुतेक वेळा चुकीचं.

मुलगी आता पाचवीत आहे. परवा पालकसभेला मी गेले होते. तिच्या वर्गाच्या बाई सगळं नवऱ्याकडे बघूनच सांगत होत्या. मुलगी म्हणाली, "मॅडम, आईले विचाराचं आहे. तिले वेळ लागते." बाई थांबल्या. मी विचारलं, गणित कसं आहे. कच्चं आहे, त्या म्हणाल्या, वहीसुद्धा पूर्ण नाही. परतताना त्यावरून आम्हा मायलेकींचं चांगलंच वाजलं.