आडवा गज

दुर्गदबैलच्या बाजारात दुपारी दीड वाजला की कापडाची दुकानं जेवायला उठतात. शटर ओढायची पद्धत नाही. कापड मोजायचा लोखंडी गज उंबऱ्यावर आडवा ठेवायचा, बस्स. सरकारनं मीटर आणून कितीतरी वर्षं झाली, तरी त्या पट्टीला इथं गजच म्हणतात. गज आडवा दिसला की गिऱ्हाईक मागं फिरतं, हातगाडीवाला हाक मारत नाही, भिकारीसुद्धा पायरी चढत नाही. बाजाराला या सभ्यतेचं फार कौतुक. पाहुण्यारावळ्यांना छाती फुगवून सांगतात, आमच्याकडं भरदुपारी कुलूप लागत नाही हो!

वेणूबाई मिरजकरांना या सभ्यतेची दुसरी बाजूही ठाऊक होती. त्यांचे यजमान पांडुरंग यांना घरात आईवडिलांच्या देखत बायकोवर हात टाकणं बरं दिसत नव्हतं. म्हणून डबा घेऊन आलेल्या बायकोला ते दुकानातच बडवायचे. गज आडवा ठेवायचा, मागच्या खोलीत न्यायचं आणि तागे गुंडाळायच्या लाकडी फळीनं हाणायचं. आवाज दोन्ही बाजूंच्या दुकानांत जात होता. पंचवीस वर्षांत गज ओलांडून एक माणूस आत आला नाही. चार वाजता शेजारचे हणमंतशेट मात्र आठवणीनं विचारायचे, "वैनी, बऱ्या हायसा न्हवं?"

त्र्याण्णव साली पांडुरंग छातीच्या कळेनं गेले. वेणूबाई रीतीप्रमाणं रडल्या, आणि तेराव्यानंतर गल्ल्यावर येऊन बसल्या. चौथीपर्यंत शिकलेली बाई, पण तागा चाचपून सूत किती आणि खळ किती ते सांगायची. ताग्यावरचे गिरण्यांचे छाप वाचून वाचून इंग्रजी अक्षरंही ओळखू लागली होती. आता सुखाचे दिवस आले असं त्यांना वाटलं. पण मुलगा तोवर मोठा झाला होता.

मुलाचं नाव प्रशांत. नाव ठेवणाऱ्या आत्याला काय माहीत! बापाला निदान लोकलाज होती, याला तीही नव्हती. भाजीत मीठ कमी म्हणून बायकोला मारलं, जास्त म्हणून मारलं, आणि एकदा तर मीठ अगदी बरोबर आहे हे तिनं सांगितलं म्हणून मारलं. त्या बायकोचं नाव राधा. माहेरी एकच भाऊ, तो दर वेळी तिला गाडीत बसवून परत आणून सोडायचा आणि चहा पिऊन जायचा. दोन हजार एक सालच्या उन्हाळ्यात प्रशांतनं राधाचं तोंड चौकटीवर आपटलं. समोरचे दोन दात पडले. सहा वर्षांच्या पूजानं ते फरशीवरून वेचले आणि आजीच्या हातात आणून दिले. वेणूबाईंनी ते कागदाच्या पुडीत बांधून कनवटीला लावले. आपण ज्याला अंगावर पाजलं त्यानं हे केलं, याची त्यांना शरम वाटली, आणि शरमेपेक्षा संताप जास्त आला.

त्याच आठवड्यात जयलक्ष्मी दुकानात आली. धारवाडची मुलगी, विद्यानगरात नवरा श्रीहरीबरोबर तिनं इंटरनेटचं दुकान काढलं होतं. सहा खोपट्या, प्रत्येकीत एक कॉम्प्युटर. त्या खोपट्यांना तिला पडदे हवे होते.

"तिथं लोक करतात काय?" कापड मोजता मोजता वेणूबाईंनी विचारलं.

"पत्रं लिहितात मावशी. इथं लिहिलं की तिकडं लगेच पोचतं. पोस्टमन नाही, काही नाही."

वेणूबाईंचा हात गजावर थांबला. घरचा फोन प्रशांतच्या उशाशी होता. कोपऱ्यावरचा एसटीडीवाला त्याचा दोस्त. टपाल तर गल्ल्यावरच यायचं. पोस्टमन नाही, या दोन शब्दांवर त्यांनी तिथल्या तिथं सगळं ठरवून टाकलं. आजूबाजूला कुणी नाही असं बघून त्यांनी जयलक्ष्मीला मागच्या खोलीत नेलं आणि पुडीतले दोन दात दाखवले. पडद्याच्या पावतीमागं जयलक्ष्मीनं इंग्रजीत एक पत्ता लिहून दिला, कॉम्प्युटरवरच्या पत्रपेटीचा.

पुढच्या सोमवारी प्रशांत गदगला वसुलीला गेला असताना वेणूबाईंनी सून आणि नात यांना नाशिकच्या गाडीत बसवलं. तिथं राधाची शाळेतली मैत्रीण होती, तिच्या नवऱ्याचा कॉम्प्युटरचा क्लास होता. पावती पूजाच्या दप्तरात, पाटीच्या मागं. संध्याकाळी प्रशांत आला, घर रिकामं बघितलं आणि कपाटाची काच फोडली. "मला काय ठाऊक? मी दुकानात होते," वेणूबाई म्हणाल्या. आईवर त्यानं तोवर कधी हात उगारला नव्हता. त्या दिवशी उगारला, आणि हवेतच थांबवला.

त्यानंतर दर शनिवारी वेणूबाईंचे गुडघे दुखू लागले. विद्यानगरात एक डॉक्टर विजेच्या यंत्रानं शेक देतो, असं त्यांनी घरात सांगितलं. शेक खराच मिळायचा, पण तो जयलक्ष्मीच्या कोपऱ्यातल्या खोपटीत.

पहिल्या दिवशी कॉम्प्युटरशेजारचा डबा फोनच्या तारेवरून किंकाळ्या फोडू लागला, तशा वेणूबाई खुर्चीवरून उठून दारापर्यंत गेल्या. बाईमाणसाची किंकाळी त्यांच्या कानांना फार ओळखीची होती. जयलक्ष्मी हसत म्हणाली, "हेदरब्याडरी मावशी, भिऊ नका. लाईन जोडते आहे ती." मग माऊस हातात दिला. त्यांनी तो इस्त्रीसारखा दाबून फिरवला आणि टेबल संपल्यावर पुढं काय, म्हणून विचारलं. बाण इकडं नेला की तिकडं पळायचा. दोनदा टिचकी मारायची म्हटलं की एक आज पडायची आणि दुसरी उद्या. पण चिकाटी होती. तिसऱ्या शनिवारी त्यांनी एका बोटानं आपलं नाव उमटवलं, आणि चौथ्या शनिवारी पत्र आलं.

मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. वेणूबाई पडद्याला बोट लावून छाप वाचावा तसं वाचू लागल्या. ए, ए, आय. आई. तेवढा एकच शब्द लागला आणि बाईंचे डोळे भरून आले. सुनेनं त्यांना समोर कधी आई म्हटलं नव्हतं, घरात सगळे त्यांना अक्काच म्हणत.

पत्राला फोटो जोडला होता. तो वरून खाली, एकेक रेघ उतरायचा. आधी रिबीन आली. मग कपाळ, मग डोळे. मग तोंड आलं आणि वेणूबाईंनी जयलक्ष्मीचं मनगट धरलं. पूजाचे समोरचे दोन दात नव्हते.

"कुणी मारलं गं हिला?"

"कुणी नाही मावशी. सहा वर्षांची ना ती? दुधाचे पडले."

वेणूबाईंनी पुन्हा नीट बघितलं. पोरगी हसत होती. दात आपले आपणही पडतात, हे त्या विसरूनच गेल्या होत्या.

असे चार महिने गेले. राधा शिवणाच्या कारखान्यात लागली. मग एका शनिवारी तिनं लिहिलं की मैत्रिणीकडं किती दिवस राहायचं, म्हणून पंचवटीत खोली घेतली आहे. गल्ली अमुक, घर नंबर अमुक, खाली पिठाची गिरणी आहे. वेणूबाई पत्ता पाठ करत होत्या, तेवढ्यात बाहेर एका गिऱ्हाइकाचं यंत्र अडलं आणि जयलक्ष्मी उठून गेली. एरवी जाताना पत्रपेटी तीच बंद करायची. वेणूबाईंना दुकान उघडायची घाई होती. त्यांनी आठवून वरच्या कोपऱ्यातल्या बारीक रेघेवर टिचकी मारली. पत्र सर्रकन खाली गेलं आणि पडद्याच्या तळाशी एक आडवी पट्टी होऊन पडून राहिलं.

अगदी उंबऱ्यावरच्या गजासारखी. वेणूबाईंचं समाधान झालं. गज आडवा पडला म्हणजे दुकान मिटलं, आता कोण आत येतंय? पडदा सारखा करून त्या बाहेर पडल्या.

बाहेर रस्त्यापलीकडं पानपट्टीच्या आडोशाला प्रशांत उभा होता. आदल्या दिवशी शेकवाल्या डॉक्टरचा कंपौंडर कापडाला आला होता, आणि असल्या नावाची बाई आमच्याकडं येतच नाही, असं बोलून गेला होता. आई रिक्षात बसली तसा प्रशांत आत शिरला आणि तीच कोपऱ्यातली खोपटी मागून घेतली. बी. कॉम.ला असताना तो कॉम्प्युटर शिकला होता. त्यानं तळाच्या पट्टीवर टिचकी मारली. दुर्गदबैलचा नियम विद्यानगरच्या यंत्राला कुणी शिकवला नव्हता.

पत्ता त्यानं कागदावर छापून घेतला. कागद यंत्रातून निघताना जयलक्ष्मीनं वरचं नाव वाचलं आणि तो ओढायला गेली. प्रशांतनं तिला भिंतीवर ढकललं. श्रीहरी मधे पडला, तर कीबोर्ड उचलून त्याच्या तोंडावर हाणला. बटणं दाण्यांसारखी फरशीभर उडाली. मग त्यानं कोपऱ्यातलं यंत्र टेबलावरून खाली ओढलं. काचेचा स्फोट ऐकून बाकीच्या खोपट्यांतली गिऱ्हाइकं पडदे न सारता तशीच पळाली.

दीड वाजत आला होता. वेणूबाईंनी दुकानाचा गज आडवा ठेवला, तोच प्रशांत तो ओलांडून आत आला. बोटांत काचा रुतल्या होत्या, रक्त पांढऱ्या मांजरपाटावर ठिबकत होतं. त्यानं कागद गल्ल्यावर आपटला.

"शेक घेत होतीस व्हय? गुडघ्याला?"

वेणूबाईंनी कागद ओळखला. कसं कळलं, हे विचारायच्या आत त्यानं थोबाडीत मारली. आयुष्यात पहिल्यांदा आईला. त्या ताग्यांवर पडल्या, तर केस धरून उठवलं आणि दुसरी मारली. कानात शिट्टी वाजू लागली. तोच हात, तीच पद्धत, बोटांतली अंगठीसुद्धा तीच, बापाची.

"पाचच्या गाडीचं तिकीट काढलंय," तो म्हणाला. "उद्या सकाळी पंचवटीत. पोरगीच्या देखत गळा चिरतो तिचा. मग तुझं बघतो." आणि मागच्या खोलीत जाऊन तो हात धुऊ लागला. वेणूबाईंना नळाचा आवाज ऐकू आला. शेजारी हणमंतशेटांचा डबा उघडल्याचाही आला.

हाक मारून उपयोग नव्हता, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या उठल्या. दारात गेल्या, वाकल्या आणि उंबऱ्यावरचा गज उचलला. आठ वर्षं रोज हातात धरलेली चीज, तिचं वजन बोटांना पाठ होतं. प्रशांत टॉवेलला हात पुसत पाठमोरा उभा होता.

पहिला घाव उजव्या गुडघ्यावर बसला. वाळकं लाकूड मोडल्यासारखा आवाज झाला. तो वळला, पडता पडता त्यानं आईचा पदर धरला. दुसरा घाव त्या मनगटावर. तिसरा डाव्या गुडघ्यावर, नीट नेम धरून, कापड मोजताना धरतात तसा गज दोन्ही हातांनी धरून. तो ओरडला, "अगं आई गं!" चौथ्यासाठी उचललेला गज वेणूबाईंनी त्या हाकेसाठी खाली घेतला. मुलगाच होता शेवटी. त्याला मारताना त्यांना रडू येत होतं, आणि तरी नेम चुकला नव्हता.

"दोन्ही गुडघे गेले," त्या म्हणाल्या. "आता गाडी चुकली तुझी."

त्यांनी कागद घडी करून चोळीत खोचला. तोंडावरचं रक्त पदरानं पुसलं. गज मधे थोडा वाकला होता. तो त्यांनी उंबऱ्यावर आडवा ठेवला, दोन्ही टोकं चौकटीला टेकली आहेत ना ते बघितलं आणि रिक्षाला हात केला.

विद्यानगरात जयलक्ष्मी काचा भरत होती. श्रीहरीच्या नाकावर बर्फाचं फडकं होतं. "मावशी, तो..." ती म्हणाली, आणि वेणूबाईंचं तोंड बघून तिनं खुर्ची पुढं केली. बाकीची यंत्रं शाबूत होती. त्यातलं एक तारेवरून किंचाळून जोडलं गेलं, आणि या वेळी वेणूबाई खुर्चीवरून हलल्या नाहीत.

एका बोटानं लिहायला त्यांना पाऊण तास लागला. राधा आजच खोली सोड. पत्ता मलाही सांगू नको. पूजाचे दात आले का तेवढं लिही. माझी चूक झाली. आई.

"आता हे बंद करायला शिकव," त्या म्हणाल्या. "खाली पाडायचं नाही. बंद."

जयलक्ष्मीनं साईन आऊट कुठं असतं ते दाखवलं. वेणूबाईंनी तिथं टिचकी मारली, मग खात्री करायला पुन्हा उघडून बघितलं. यंत्रानं परवलीचा शब्द मागितला. ओळख दाखवल्याशिवाय ते त्यांनासुद्धा आत घेईना. "असं पाहिजे," त्या म्हणाल्या.

परत आल्या तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. दुकानासमोर वीसपंचवीस माणसं उभी होती. हणमंतशेट सगळ्यांत पुढं, जेवणाचा हात अजून न धुतलेला. आतून प्रशांतचं ओरडणं आता घोगरं होऊन कण्हण्यासारखं येत होतं. दोन तास तो एकेकाचं नाव घेऊन हाका मारत होता.

"वैनी," हणमंतशेट म्हणाले, "आत काय झालंय?"

"तुम्ही का नाही बघितलं?"

हणमंतशेटांनी उंबऱ्याकडं बोट केलं. "गज आडवा होता की."

वेणूबाईंनी त्यांच्याकडं बघितलं. मग वाकून गज उचलला, भिंतीला उभा केला आणि म्हणाल्या, "या आता. दुकान उघडलंय."