लहानूने न तोडलेले बांबू

मंडळी, सकाळपासून मन थाऱ्यावर नाही.

पालघरजवळ माहीमला आमच्या वाडीत बांबूचं बेट आहे. भाच्याच्या लग्नाच्या मांडवासाठी ते सगळं तोडायला मी आज वाडीत कामाला येणाऱ्या सखूला बोलावलं होतं. तिने जुने बांबू तोडले आणि कोयता खाली ठेवला.

"काकी, हे यंदाचे हायत. यांना हात नाय लावायचा. बेट मरेल."

लहानपणी हेच मी तिच्या आजोबांकडून, लहानूकडून ऐकलं होतं. साठच्या दशकात तारापूरला वीज केंद्र बांधत होते. परांचीला बांबू लागायचे, म्हणून बाबांनी अख्खं बेट तोडायला सांगितलं. लहानूने कोवळे बांबू ठेवले. बाबांनी त्याला कामचुकार म्हणून हाकलून दिलं.

त्याच कोवळ्या बांबूंमुळे बेट पुन्हा भरलं. जवळच्या मुरबे गावचे कोळी बोंबील वाळवायला अजून इथलेच बांबू नेतात. बाबांनी लहानूला मात्र परत कधी बोलावलं नाही.

आज हे सांगून मी सखूची माफी मागितली. ती म्हणाली, "आजा दर पावसाळ्यात यायचा, काकी. कुंपणाबाहेर उभा राहून नवे कोंब मोजून जायचा."

तुमच्या घरातही कोणाची माफी मागायची राहून गेलीय का?