कुलपातली पानं

सकाळी कचेरीत आले की चपला काढायच्या आधी ते मला विचारत, "कुलूप आसा मां गो?"

तुम्हाला वाटेल तिजोरीचं. ते विचारत कॉम्प्युटरमधल्या कुलपाबद्दल. ऐंशीच्या दशकाची अखेर. वेंगुर्ल्यातली आमची लहानशी कचेरी. मुंबईहून तारेने आलेला हवामानाचा संदेश कॉम्प्युटर घेई, मी तो वाचून बंदरांना फोन करी. यंत्र सांभाळायचे ते, आमचे ऑपरेटर.

"मेमरीत जागा थोडी," ते सांगत. "जागा अपुरी पडली की कर्नेल प्रोग्रामांची काही पानं, म्हणजे तुकडे, उचलून डिस्कवर ठेवता."

मला वाटलं, लष्करातला कर्नल. ते खूप हसले. "यंत्राचो मुख्य प्रोग्राम तो. पण तसोच आसा. कोणाचा ऐकणा नाय."

डिस्कवरची पानं परत आणायला वेळ लागे. तेवढ्यात तारेवरची अक्षरं सांडून जात. म्हणून संदेश घेणाऱ्या प्रोग्रामच्या पानांना त्यांनी कुलूप घातलं होतं. मग कर्नेलही त्यांना हलवत नसे. फक्त बाकीच्या कामांना जागा कमी उरे, ती रखडत.

एका दुपारी साहेबांचा महिन्याचा अहवाल असाच रखडला. साहेब तावातावाने आले. "ते कुलूप काढा."

"साहेब, संदेश कधीही येईल."

"अर्ध्या तासात काय आभाळ कोसळणार आहे?"

ऑपरेटरांनी कुलूप काढलं. अहवाल सुरू झाला, संदेश घेणारी पानं डिस्कवर गेली आणि नेमका तेव्हाच संदेश आला. माझ्या हातातल्या कागदावर वरची ओळ होती, शेवटची होती. मधलं सगळं गेलेलं. पुन्हा पाठवा म्हणून कळवलं. तो यायला दोन तास लागले. वादळाचा इशारा होता. आरोंद्याची एक होडी तोवर खाडीबाहेर पडली होती. तिच्यातले तिघे परत आले नाहीत.

साहेब म्हणाले, "यंत्रात बिघाड, असं लिहा."

ऑपरेटरांनी नोंदवहीत लिहिलं, "कुलूप मी काढले होते." साहेबांचं नाव कुठेच नव्हतं.

"सायबांनीच सांगितलेला मां?" मी म्हटलं.

"हात माजो होतो."

आठवड्याने ते आरोंद्याला निघाले. त्यांना एकटं जाऊ देववेना, म्हणून मीही गेले. तिघांतल्या एकाची बायको ओट्यावर बसली होती. तिने आम्हाला पाणी दिलं. मग एवढंच विचारलं, "इशाऱ्याचो कागद इलेलो काय नाय?"

"इलेलो. पण अर्धो," ते म्हणाले. "उरलेलो माज्यामुळे गेलो."

ती उठली, रिकामा तांब्या घेऊन आत गेली आणि दार लोटून घेतलं.

घरासमोरच्या रस्त्यावर परतीची एसटी आली तेव्हा ते म्हणाले, "तू जा. मी मागच्यान येतंय."

मागच्या खिडकीतून मी पाहत होते. ते त्या लोटलेल्या दारासमोर अंगणात उभे होते, चपला हातात धरून. नंतर ते कचेरीत आले नाहीत. राजीनामा टपालाने आला.