कोरलेली, पण न लावलेली काच

माझं शिक्षण गावच्या शाळेत, चौथीपर्यंत. मास्तर म्हणायचे, या पोराचं तोंड बंद करणारं औषध अजून निघालेलं नाही. आता पंच्याहत्तरी उलटली, तरी निघालं नाही. पण जयवंत परबाबद्दल सांगायचं म्हटलं की मला जरा दमानं घ्यावं लागतं.

लालबागच्या एका थेटरात मी डोअरकीपर होतो. अंधारात बॅटरी मारायची आणि माणसं खुर्चीला लावायची. जयवंत वर केबिनमध्ये ऑपरेटर. दोन मशिनं असायची. एका मशिनीचं रीळ संपत आलं की पडद्याच्या कोपऱ्यात ठिपका चमकायचा, की यानं दुसरं सुरू करायचं. खाली पब्लिकला पत्ता लागता कामा नये. "आपलं काम दिसलं की चुकलं समजायचं," म्हणायचा.

त्याचं आणखी एक काम होतं. तेव्हा मोबाइल कुठले? पिक्चरला बसलेल्या माणसाला निरोप द्यायचा तर बुकिंगवर फोन यायचा, नाहीतर घरचं कुणी धावत यायचं. मी चिठ्ठी वर न्यायचो. जयवंत काळा रंग दिलेली छोटी काच घ्यायचा, सुईनं त्यावर नाव कोरायचा आणि बाजूच्या स्लाइडच्या मशिनीत सरकवायचा. चालू पिक्चरवर, पडद्याच्या तळाशी अक्षरं उमटायची: अमुक तमुक, बाहेर या. कारण लिहायचं नाही, हा त्याचा नियम. मुलगा झाला, पाहुणे आले, कुणी गेलं, सगळ्यांना एकच. बाहेर या.

एकदा घाईत मी चिठ्ठीवर नुसतं 'सावंत' लिहिलं. चौदा सावंत उठून बाहेर आले! दारात एकाची बायको उभी, घराची किल्ली मागायला. उरलेले तेरा माझ्या अंगावर. "मेल्या, ऐन फायटिंग चुकवलीस!" आणि एक म्हातारे सावंत जागचे हलेनात. म्हणाले, "बघ ना नीट, माझ्यासाठी पण काहीतरी असेल." अजून आठवलं की हसू येतं.

तर त्र्याऐंशी साल. जयवंतचा धाकटा भाऊ अजित मिल बंद झाल्यापासून घरात भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. आई परळला हॉस्पिटलात. दोघं भाऊ पाळीपाळीनं तिच्याजवळ बसायचे. त्या रविवारी जयवंतनंच त्याला मॅटिनीला बळंबळं आणलं. "शेजारच्या शेवंतीवहिनी बसल्यात आईपाशी. तीन तास डोकं बाजूला ठेव." मी त्याला तिसऱ्या रांगेत बसवला.

शेवटचं रीळ लागलं आणि बुकिंगवर शेवंतीवहिनींचा फोन आला. आई सिरीयस, अजितला लगेच पाठवा. चिठ्ठी घेऊन मी जिने चढलो. जयवंतनं वाचली. त्याला स्वतःला मशीन सोडून जाता येत नव्हतं, दुसरा ऑपरेटर सहाच्या शोला यायचा. त्यानं काच घेतली, नाव कोरलं. मग केबिनच्या भोकातून खाली पाहिलं आणि काच हातातच राहिली.

"काय रे?"

"खांदे बघ त्याचे. हसतोय."

"जयवंता, लाव ती."

"बारा मिनिटं राहिलीत. किती महिन्यांनी हसतोय तो."

मी खाली आलो. माझं काम चिठ्ठी पोचवायचं, ते झालं होतं.

शो सुटला. अजित हसून आलेलं डोळ्यांतलं पाणी पुसत बाहेर आला आणि माझं हे तोंड उघडलं. "अरे पळ, आई सिरीयस आहे! चिठ्ठी मघाशीच वर दिली होती." तो पळाला. पोचला तेव्हा आई गेल्याला दहा मिनिटं झाली होती. नंतर जयवंत पोचला. शो सुटल्यावर दिवे लागतात तेव्हा पडदा दिसतो ना, तसा चेहरा. तेरावं झालं आणि अजित दुसरीकडे राहायला गेला. भावाशी बोलणं बंद. 'मघाशीच' एवढं एक मी गिळलं असतं तर! जन्मभर बडबडलो, पण हे कुणाला सांगितलं नाही.

जयवंत पुढं थेटर बंद होईपर्यंत काचा कोरत राहिला. चिठ्ठी हातात पडली की मिनिटात लावायचा. चहा गार झाला तरी आधी काच.

गेल्या महिन्यात आमची चाळ पाडायला घेतली. जयवंतला वडाळ्याला भाड्याच्या खोलीत जायचं होतं. आवराआवरीत त्यानं माळ्यावरून एक डबा काढला, त्यातली एक काच वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिली. "अजितला दे."

"सांगू काय?"

"काही नको. मंगळवारी चाललोय म्हण."

अजित करी रोडला टॉवरमध्ये, बाविसाव्या मजल्यावर राहतो. सुनेनं, प्राचीनं, दार उघडलं. तो टीव्हीचा आवाज बंद करून नुसती चित्रं बघत बसला होता.

"तात्या? जिवंत आहेस अजून?"

"वर बडबड्यांची लाइन मोठी आहे, नंबर लागत नाही."

हसला नाही. काच दिली. त्यानं ती खिडकीकडे धरली. 'अजित परब, बाहेर या.'

"म्हणजे कोरली होती."

"कोरली होती. मग वरून तू हसताना दिसलास, म्हणून लावली नाही. आणि तुला दारात 'मघाशीच' म्हणालो, ते माझं चुकलं. तिथंच आग लागली."

"मी हसत होतो?"

"खांदे हलत होते तुझे."

"कुठला पिक्चर होता रे?"

मला आठवेना. मला! त्यालाही आठवेना. "शेवटपर्यंत पाहिला, एवढंच आठवतं," म्हणाला. मग पुन्हा टीव्हीकडे बघू लागला. काच त्याच्या मांडीवर. प्राचीनं दिलेला चहा पिऊन मी निघालो. लिफ्टमध्ये वाटलं, नाही यायचा.

मंगळवारी टेम्पो भरला. जयवंत रिकाम्या खोलीत ट्रंकेवर बसून होता. मी गॅलरीतून खाली पाहिलं, तर टेम्पोच्या मागे अजित उभा. वर बघत नव्हता, जिन्याकडेही येत नव्हता.

मी खोलीच्या दारात गेलो. "जयवंता, बाहेर ये."

का, ते त्यानं विचारलं नाही. मग उठला आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरला. अजितनं टेम्पोचं पुढचं दार उघडून धरलं. जयवंत आत बसला, त्याच्यानंतर अजित. दोघं समोरच्या काचेतून सरळ बघत होते. ट्रंक मागे चढवून मी फळी लावली. तोंडाशी आलेलं गिळलं आणि ड्रायव्हरला हातानंच चल म्हटलं.