खारपाणपट्ट्यातलं गोडं पाणी

तुम्ही मोटारीनं वाळवंट पाहून आलात, त्याचे फोटो पोचले. आमच्या वऱ्हाडात वाळू नाही, पण दर्यापूरच्या बाजूचा खारपाणपट्टा ऐन उन्हाळ्यात मला तसाच वाटला होता. नजर जाईल तिथवर भेगाळलेली काळी जमीन, झाड म्हणजे एखादी बाभूळ, आणि विहिरींना पाणी असूनही ते तोंडात धरवत नाही, इतकं खारट.

वऱ्हाड मध्यप्रांतात होता तेव्हाची गोष्ट. मी मॅट्रिक झाले होते. अमरावतीच्या कॉलेजात नाव घालण्याचा तो शेवटचा दिवस होता, आणि मुलीला घेऊन समक्ष या, असं प्रिन्सिपॉलसाहेबांनी कळवलं होतं. इकडे आत्यानं माझ्यासाठी स्थळ आणलं होतं. नाव लागलं तर लग्न थांबेल, नाही तर ज्येष्ठ संपायच्या आत उरकू, असं तिचं आणि वडिलांचं ठरलं होतं.

वडील वकील. त्यांनी एका अशिलाची मोटार ड्रायव्हरसकट मागून घेतली. दर्यापूरला कुणाला तरी भेटायचं होतं, म्हणून अकोल्याहून त्या वाटेनं निघालो.

आमच्या घरी शिळं पाणी पीत नसत. दर्यापूर सोडल्यावर रस्त्याकडेला विहीर दिसली, तशी वडिलांनी मोटार थांबवली, सुरईतलं कोमट पाणी खुशाल ओतून दिलं आणि ताजं भरून घेतलं. पहिला घोट घेतला आणि थुंकून टाकला. ड्रायव्हर पलीकडे तोंड करून उभा राहिला, हसत असावा.

पुढे एका खेड्याजवळ इंजिन तापलं, वाफा यायला लागल्या. खारं पाणी घातलं तर आतलं सगळं खराब होईल, मालक मला ठेवणार नाही, असं ड्रायव्हर म्हणाला. ऊन चढत होतं. वडील घड्याळ काढत, पुन्हा खिशात ठेवत.

जवळच्या घरातून एक बाई बाहेर आल्या. त्यांच्याकडे रांजणात गोडं पाणी होतं, लांबून बैलगाडीनं आणलेलं, घरातल्या सगळ्यांच्या पिण्याचं. ते त्यांनी देऊ केलं. वडील नको म्हणाले. माणसांच्या तोंडचं पाणी काढून मोटारीला पाजायचं, हे त्यांना पटेना. बाईंनी विचारपूस केली तेव्हा सुरईची हकिकत ड्रायव्हरनं सांगून टाकली.

"गोडं पानी फेकून आले न् आता नाई म्हनता," बाई वडिलांना म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "तू कुठं जाऊन राहिली वं?"

मी सांगितलं. लग्नाचंही सांगितलं, का कोण जाणे.

"मंग तुमाले कोन देऊन राहिलं, वकीलसायेब? मी पोरीले देतो. तिचं नाव लागलं पायजे."

वडिलांनी मान खाली घातली. बाईंनी घागर भरून आणली. आधी मला ओंजळ धरायला लावून पाजलं, मग घागर ड्रायव्हरच्या हाती दिली. निघताना मी पाया पडले, तर त्यांनी मला मोटारीकडे ढकललंच. "जाय, उशीर होते."

कॉलेजचा कारकून कुलूप हातात घेऊन उभा होता. साहेब मात्र आत होते. त्यांनी मला इंग्रजीत दोन-चार प्रश्न विचारले आणि नाव घातलं. बाहेर आल्यावर वडील म्हणाले, "आत्याला मी सांगतो. तू मध्ये पडू नकोस."

घराबाहेरच्या इतक्या माणसांनी मला पुढे पाठवलं. त्यांत पहिल्या त्या बाई. त्यांच्या घरी त्या दिवशी रात्रीपर्यंत काय प्यायले असतील, हे मला कधीच कळलं नाही.