घोंगडीखालची सुरी

हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही.

आमच्या डाळज गावचा मुलाणी जत्रेला देवाची बकरी कापायचा. सुरी कपाळाला लावून म्हणायचा, "बकरं तुमचं, सुरी माझी, देव दोघांचा." मग हळूच मला, "वाटा मात्र माझ्या एकट्याचा हाय, तात्या!"

फाळणीची भीती अजून माणसांच्या मनातून गेली नव्हती. त्या जत्रेला इंदापूरकडचा एक पाहुणा देवळापुढं बोलायला उभा राहिला. "हितं सगळे आपल्याच धर्माचे ना?"

मुलाणी मला खेटूनच बसला होता. तरी मी सवयीनं म्हणालो, "व्हय, समदी आपलीच."

धर्म म्हटला की आपलाच. दुसराही कुणाचा असतो, हे मनातच आलं नाही.

पाहुणा मोकळा झाला. "मुसलमान शेजारी सुरी लपवून असतो. गावात ठेवू नका." माणसं माना डोलवू लागली. मुलाणीनं फडक्यात गुंडाळलेली सुरी हळूच माझ्या घोंगडीखाली सरकवली.

"तात्या, ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी."

मीही भ्यालो. मान खाली घालून बसलो.

पाहुणा गेल्यावर माझ्याकडून सुरी परत घेऊन बकरी त्या दिवशीही त्यानंच कापली. वाटा मात्र मागितला नाही.

"हितं मुलाणी बसलाय, त्यो बी गावचाच हाय," एवढं त्या देवळापुढं उभं राहून सांगणं माझ्याकडं अजून बाकी आहे.