करंजाच्या तेलाचा दसरा

तमाम जनतेस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, यंदा दसऱ्याच्या सकाळी ठाण्याच्या वागळे इस्टेटमधून विज्ञानाची मिरवणूक निघाली होती. मिरवणुकीत माणसं दोन, मी आणि विद्यापीठाचे साहेब. पालखीच्या जागी माझ्या हातात प्लास्टिकचा कॅन.

कॅनमध्ये करंजापासून केलेलं तेल होतं. लेथवर लोखंड कापताना त्यावर तेलाची धार सोडावी लागते आणि नेहमीच्या तेलाने हातांना खाज सुटते, कातडी फुटते. मी कल्याणच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. हातांना न बाधणारं तेल करण्यात माझे निम्मे केस गेले. आता कारखान्यात चाचणी होऊन साहेबांनी पसंतीचा शेरा दिला नाही, तर फाईल बंद आणि तेल कायमचं कपाटात.

तारीख आमच्या कॉलेजच्या समितीने ठरवलेली. का, तर त्या दिवशी कॉलेजला सुट्टी, सगळे मोकळे! दसऱ्याला यंत्रांनाही सुट्टी असते, हे आम्हा विद्वानांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

वर्कशॉपमध्ये लेथला झेंडूचा हार, हळदकुंकू, पुढ्यात पेढे. मालकीणबाई पैठणीत. चाचणी रद्द, असं लिहितो, म्हणत साहेब खुशीत पेढा खाऊ लागले. मी भांडलोच. तर बाईंच्या सासूबाई माझ्यावर उखडल्या. आज यंत्राला हात लावायचा नसतो, एवढंही कॉलेजात शिकवत नाहीत का, म्हणाल्या.

बाईंनी पैठणीवर खाकी एप्रन चढवला.

"आई, दसऱ्याला नव्या कामाचा मुहूर्त करतात ना? मग हे काय जुनं आहे?"

हार उतरला, लेथ फिरला. तेलाची धार पडली आणि लोखंडाच्या साली चकाकत सुटल्या. धूर नाही, उग्र वास नाही. बाईंनी नेहमीच्या तेलाने चिरलेली आपली बोटं या तेलात बुडवली. झोंबलं नाही. सासूबाईंनीही गुपचूप एक बोट बुडवून पाहिलं.

साहेबांनी तेलाची तोंडभर स्तुती केली. मग म्हणाले, सुट्टीच्या दिवसाची चाचणी नियमात बसत नाही, शेरा देता येणार नाही.

नका देऊ, मी म्हणालो आणि त्यांच्या डोळ्यांदेखत कॅन बाईंकडे सरकवला. शेऱ्याशिवाय तेल बाहेर ठेवता येत नाही, असं सांगत साहेबांनी हात पुढे केला. बाईंनी कॅन दोन्ही हातांनी पोटाशी धरला, पैठणीची पर्वा न करता.

"तुमचा नियम न्या परत, साहेब! तेल इथंच राहणार."